समुद्री बर्फाची जाडी आणि विमानातील रडार : एका मापनपद्धतीचा इतिहास

'मोजणे' ह्या क्रियापदाच्या पोटात दोन निराळे व्यापार सामावलेले आहेत. कापडाला गज लावून त्याची लांबी सांगणे हेही मोजणेच. आणि विहिरीत खडा टाकून आवाज किती वेळाने आला, त्यावरून तिची खोली सांगणे हेही मोजणेच. पहिल्या व्यापारात साधन आणि वस्तू ह्यांचा प्रत्यक्ष स्पर्श होतो. दुसऱ्यात हाती येतो तो केवळ काळ, आणि खोलीचा आकडा त्या काळावरून, काही गोष्टी गृहीत धरून, काढावा लागतो. उत्तर ध्रुवसमुद्रावरील बर्फाची जाडी विमानातून रडारच्या साहाय्याने ठरविण्याचा जो उद्योग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आला आहे, तो ह्या दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याचा इतिहास यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगण्याची रीत आहे. तथापि त्या यंत्रांना जो प्रतिध्वनी ऐकू येतो, तो नेमका कोणत्या पृष्ठावरून येतो, हा प्रश्नच ह्या इतिहासाचा कणा होय. त्याचे उत्तर शोधता शोधता संशोधकांना हातात मोजपट्टी घेऊन बर्फावर चालणाऱ्या माणसांच्या वह्यांकडे पुनःपुन्हा वळावे लागले.

विवेचनापूर्वी दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे अवश्य आहे. मराठीत 'हिम' आणि 'बर्फ' असे दोन शब्द आहेत, परंतु व्यवहारात ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. प्रस्तुत लेखात 'बर्फ' म्हणजे समुद्राचे पाणी गोठून झालेला कठीण थर, आणि 'हिम' म्हणजे आकाशातून पडून त्या थरावर साचलेले भुसभुशीत आच्छादन, असा भेद कटाक्षाने पाळला आहे. ह्या दोहोंची गल्लत झाली, तर पुढील सर्व वादाचा आशयच नाहीसा होतो. जमिनीवरील हिमनदीचा कडा तुटून समुद्रात आलेला हिमनग ही तिसरीच वस्तू असून तिचा येथे विचार केलेला नाही.

समुद्री बर्फाकडे विमानातून पाहण्याची गरज प्रथम नौकानयनातून उत्पन्न झाली. १९२४ साली रशियन वैमानिक बोरिस चुख्नोव्स्की ह्यांनी नोवाया झेम्ल्याच्या परिसरात बर्फाची टेहळणी करणारी उड्डाणे केली. पुढील दशकात सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याने जहाजे नेण्याचा सोव्हिएत शासनाने चंग बांधला, तेव्हा अशी टेहळणी ही नित्याची गोष्ट झाली. 'चेल्यूस्किन' ह्या जहाजाची कथा सर्वश्रुत आहे. १९३३ च्या उन्हाळ्यात निघालेले हे जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळ पोहोचूनही बर्फात अडकले, वाहत मागे गेले, आणि १३ फेब्रुवारी १९३४ रोजी चुक्ची समुद्रात चिरडले जाऊन बुडाले. बर्फावर उतरलेल्या १०४ जणांना एप्रिलच्या मध्यापर्यंत विमानांनी सुखरूप बाहेर काढले. चेल्यूस्किनवर टेहळणीसाठी एक छोटे विमानही होते. परंतु डोळ्यांनी केलेल्या टेहळणीला धुके आणि ध्रुवीय रात्र ह्या दोन मर्यादा होत्याच. बर्फ कोठे आहे एवढे निरीक्षक नकाशावर काढू शकत असे. तो किती जाड आहे, हे तो रंगावरून आणि पृष्ठाच्या खडबडीतपणावरून अंदाजाने सांगे.

धुक्यातून आणि अंधारातून पाहणारे साधन म्हणून रडारचा उपयोग ह्या क्षेत्रात व्हावा, हे स्वाभाविकच होते. विमानाच्या बाजूला तिरकस लहरी सोडून खालच्या प्रदेशाची पट्टी चित्रित करणारे रडार १९६० च्या दशकाच्या अखेरीस बर्फाच्या टेहळणीत आले. सोव्हिएत संघाने आन-२४ जातीच्या विमानांवर जे यंत्र बसविले, त्याचे नाव 'तोरोस' असे होते. रशियन भाषेत ह्या शब्दाचा अर्थ बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून झालेला ढिगारा असा आहे, आणि यंत्राला ते नाव शोभून दिसते. कारण अशा रडारला जे सर्वांत स्पष्ट दिसते ते हे ढिगारे, आपल्या शेतकऱ्याच्या शब्दात सांगावयाचे तर हे वरंबे. त्याच सुमारास, १९६९ मध्ये, अमेरिकेचे 'मॅनहॅटन' हे तेलवाहू जहाज कॅनडाच्या उत्तरेकडील वायव्य मार्गाने अलास्काकडे निघाले. त्याच्या साहाय्यास अमेरिकन तटरक्षक दलाचे एक सी-१३० विमान असेच रडार घेऊन उडत होते. मॅनहॅटनला मॅक्क्लूर सामुद्रधुनीतील जुन्या बर्फाने अडविले आणि त्याला वाट बदलून प्रिन्स ऑफ वेल्स सामुद्रधुनीतून जावे लागले. पुढे १९८३ च्या शरद ऋतूत सैबेरियाच्या पूर्व टोकाजवळ अनेक जहाजे बर्फात अडकली, तेव्हा 'कोस्मोस-१५००' ह्या उपग्रहावरील तिरकस रडारच्या चित्रांनी त्यांना वाट दाखविली. विमानात सिद्ध झालेली विद्या अशा रीतीने अवकाशात गेली.

ह्या चित्रांतून जाडी कळत होती काय? अप्रत्यक्षपणे, आणि तीही ढोबळ. समुद्राचे पाणी गोठते तेव्हा त्यातील मीठ बर्फाच्या स्फटिकात सामावत नाही. ते खाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म कोशांच्या रूपाने अडकून राहते. एक उन्हाळा काढलेल्या बर्फातून हे खारे पाणी बरेचसे निथळून जाते आणि त्याच्या जागी हवेचे बुडबुडे राहतात. असा बहुवर्षी बर्फ रडारच्या चित्रात उजळ दिसतो, आणि त्याच हिवाळ्यात गोठलेला एकवर्षी बर्फ, त्याचा पृष्ठभाग सपाट असल्यास, काळसर दिसतो. जुना बर्फ सामान्यतः जाड असतो, तेव्हा उजळ ते जाड, असा हा न्याय. जहाजाच्या कप्तानाला तो पुरत असे. हवामानशास्त्रज्ञाला पुरेना.

प्रत्यक्ष जाडी मोजण्याची कल्पना मात्र अगदी निराळ्या वाटेने आली, आणि तिचे मूळ एका चुकीत आहे. विमानाची जमिनीपासूनची उंची सांगणारे रडार-उंचीमापक हिमनगरांच्या, म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील भूपृष्ठावरील बर्फाच्या प्रचंड थरांच्या, प्रदेशात विपरीत आकडे दाखवितात, असा अनुभव दुसऱ्या महायुद्धानंतर येऊ लागला. विमान बर्फापासून जितके वर असे, त्याहून पुष्कळ अधिक उंची यंत्र दाखवी. आणि कमी उजेडात उडणाऱ्या वैमानिकाच्या जिवावर बेतण्यासारखीच ही गोष्ट होती. अमेरिकन सैन्याच्या सिग्नल दलाच्या प्रयोगशाळेतील ॲमोरी वेट हे पूर्वी बर्ड ह्यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत राहून आलेले गृहस्थ होते. त्यांनी ह्या घोटाळ्याचा उलगडा असा केला की, रेडिओलहरी थंड बर्फातून आरपार जातात आणि यंत्र बर्फाच्या पृष्ठाऐवजी त्याच्या तळाचा प्रतिध्वनी ऐकते. यंत्र चुकत नव्हते. ते निराळ्याच गोष्टीचे उत्तर देत होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेट ह्यांनी उंचीमापकाचाच उपयोग करून बर्फाची खोली मोजून दाखविली. केंब्रिज येथील स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेत स्टॅन्ली इव्हान्स ह्यांनी त्याच सुमारास त्याची शास्त्रीय बैठक तयार केली आणि सेकंदाला ३ कोटी ५० लक्ष कंपने असलेल्या लहरींचे यंत्र सिद्ध केले. १९६६ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांवर आणि १९६७ मध्ये अंटार्क्टिकावर ते विमानातून चालविण्यात आले. दोन-तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाखालील डोंगर आणि दऱ्या कागदावर उमटू लागल्या.

जेथे तीन हजार मीटर बर्फ पारदर्शक ठरला, तेथे समुद्रावरील तीन मीटर बर्फाची ती काय कथा, असे कोणासही वाटावे. परंतु येथे मीठ आडवे आले. हिमनगरांचा बर्फ आकाशातून पडलेल्या गोड्या पाण्याचा आहे. समुद्री बर्फातील खारे कोश वीज वाहून नेतात, लहरींची शक्ती शोषून घेतात, आणि तळाशी पोहोचण्यापूर्वीच त्या क्षीण होतात. शिवाय केवळ दोन-तीन मीटर थराच्या माथ्याचा आणि तळाचा प्रतिध्वनी वेगळा ओळखू यावयाचा, तर स्पंद अतिशय लहान असावा लागतो. तो लहान करावयाचा तर वारंवारता वाढवावी लागते. आणि वारंवारता वाढविली की शोषण वाढते. ह्या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न १९७० च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेतील ऑस्टिन कोव्हाक्स आणि रेक्सफर्ड मोरी ह्यांनी हेलिकॉप्टरमधून अतिलघुस्पंद रडार चालवून केला. थंड, सपाट बर्फावर त्यांना यशही आले. मात्र त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. तेच यंत्र त्याच जागी एका दिशेने धरले तर तळ दिसे, आणि काटकोनात फिरविले तर तळ नाहीसा होई. ह्याचे कारण बर्फाच्या रचनेत होते. किनाऱ्याजवळचा बर्फ वाढताना त्याचे स्फटिक त्याखालून वाहणाऱ्या प्रवाहाच्या दिशेला अनुसरून रांगेत बसतात, आणि त्यांच्यामधील खाऱ्या पाण्याचे पातळ पापुद्रेही त्याच शिस्तीत राहतात. बर्फाची जाडी शोधावयास गेलेल्या ह्या दोघांच्या हाती समुद्रप्रवाहाची दिशा आली. वरंब्यांवर आणि कोवळ्या, खारट बर्फावर ही रीत लंगडी पडली. ध्रुवसमुद्राच्या विस्ताराला ती कधीच लागू पडणारी नव्हती.

ह्याच काळात जाडीचे खरे आकडे येत होते ते खालून. ऑगस्ट १९५८ मध्ये 'नॉटिलस' ही अणुशक्तीवरील पाणबुडी उत्तर ध्रुवाखालून गेली. तेव्हापासून पाणबुड्या आपल्या संरक्षणासाठी माथ्यावरील बर्फाचा तळ ध्वनिलहरींनी चाचपीत असत. ह्या नोंदी दीर्घकाळ लष्करी गुपित होत्या. त्यांतील काही खुल्या झाल्यावर १९९९ मध्ये रॉथ्रॉक, यू आणि मेकट ह्यांनी १९५८ ते १९७६ आणि १९९३ ते १९९७ ह्या दोन कालखंडांची तुलना प्रसिद्ध केली. उन्हाळ्याच्या अखेरीची सरासरी जाडी ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आली होती. बर्फाचे क्षेत्रफळ घटत आहे हे उपग्रहांवरून दिसतच होते. त्याची जाडीही इतकी घटली असेल, तर ध्रुवसमुद्राचे भवितव्य निराळ्याच दृष्टीने पाहावे लागणार होते. परंतु पाणबुडी जेथे जाई तेवढ्याच रेषेवरचा तो आकडा. एवढ्या मोठ्या निष्कर्षाला सबंध समुद्राचा आधार हवा होता, आणि तो वरूनच मिळणे शक्य होते.

वरून जाडी काढण्याची युक्ती तत्त्वतः आर्किमिडीजची आहे. तरंगणाऱ्या बर्फाचा थोडासा भाग पाण्याच्या पातळीवर डोकावतो. जहाजांच्या बाबतीत जिला 'फ्रीबोर्ड' म्हणतात ती ही उंची. विमानातील किंवा उपग्रहातील रडारने सरळ खाली लहर सोडून बर्फाच्या पृष्ठापर्यंतचे अंतर घ्यावयाचे, जवळच्या फटीतील उघड्या पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावयाचे, आणि दोहोंतील फरक म्हणजे फ्रीबोर्ड. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला १०२४ किलोग्रॅम आणि एकवर्षी बर्फाची ९१७ धरली, तर हिम नसताना जाडी ही फ्रीबोर्डच्या सुमारे ९.६ पट येते. वर हिमाचे ओझे असेल तर ते बर्फाला खाली दाबते. त्यासाठी हिमाच्या जाडीच्या सुमारे तिप्पट भर त्यात घालावी लागते. फ्रीबोर्ड १५ सेंटिमीटर आणि हिम ३० सेंटिमीटर असेल, तर बर्फ सुमारे २.३ मीटर जाड ठरतो. हिम ३० च्या ऐवजी २० सेंटिमीटरच असेल, तर तोच बर्फ २ मीटरवर येतो. एका वितीएवढ्या उंचीचा दहापट गुणाकार करून एवढे मोठे विधान करावयाचे, हे ह्या पद्धतीचे बळही आहे आणि दौर्बल्यही.

आता मुख्य प्रश्न. रडारची लहर हिमाच्या माथ्यावरून परत फिरते, की हिम भेदून बर्फाच्या माथ्यावरून? लेसरचा प्रकाश हिमावरूनच परावृत्त होतो, ह्याविषयी मतभेद नाही. रडारच्या बाबतीत १९९५ मध्ये बीव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत गोठविलेल्या बर्फावर हिमाचा थर ठेवून प्रयोग केला आणि सुमारे १३ गिगाहर्ट्झच्या लहरींचा प्रमुख प्रतिध्वनी हिम व बर्फ ह्यांच्या सीमेवरून येतो असे दाखविले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील सीमूर लॅक्सन ह्यांनी ह्याच आधारावर 'ईआरएस' उपग्रहांच्या १९९३ ते २००१ ह्या काळातील नोंदींतून जाडी काढली. २००३ साली पीकॉक आणि स्मिथ ह्यांच्यासह त्यांनी ती प्रसिद्ध केली, तेव्हा ८१.५ अक्षांशाच्या दक्षिणेकडील बर्फाची जाडी वर्षावर्षाला प्रतिमानांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक बदलते असे दिसून आले. काम मोठ्या योग्यतेचे होते. परंतु प्रयोगशाळेतील हिम कोरडे, थंड, एकजिनसी होते. ध्रुवसमुद्रावरील हिम वाऱ्याने दडपलेले, मधूनमधून वितळून पुन्हा गोठलेले, तळाशी खाऱ्या पाण्याने ओलावलेले असते. एका प्रयोगाची ग्वाही संपूर्ण महासागराला लागू करण्यात आली, असे म्हणणे भाग आहे.

आणि समजा, लहर बर्फापर्यंत पोहोचते हे मान्य केले, तरी हिम किती आहे हे कोणी सांगावयाचे? ह्याचे उत्तर सोव्हिएत संघाच्या तरंगत्या केंद्रांनी दिले. २१ मे १९३७ रोजी पापानिन आणि त्यांचे तीन सहकारी ध्रुवाजवळच्या बर्फावर विमानाने उतरले व २७४ दिवस वाहत राहिले, ही त्या परंपरेची सुरुवात होय. १९५४ पासून अशी केंद्रे सलगपणे चालविण्यात आली आणि १९९१ मध्ये ती बंद पडली. ह्या केंद्रांवर महिन्यातून एक ते तीन वेळा, पाचशे ते हजार मीटर लांबीच्या रेषेवर, दर दहा मीटरला पट्टी खोचून हिमाची खोली नोंदविली जाई. हे काम वर्षानुवर्षे, काळोखात आणि हिमवादळात, पाळीपाळीने चालले. ते करणाऱ्यांना आपल्या आकड्यांवर पुढे उपग्रहांची गणिते उभी राहतील ह्याची कल्पना असणे शक्यच नव्हते. १९९९ मध्ये स्टीफन वॉरेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या नोंदींतून प्रत्येक महिन्याचा, प्रत्येक प्रदेशाचा सरासरी हिमनकाशा तयार केला. मे महिन्याची सरासरी सुमारे ३४ सेंटिमीटर आली. तेव्हापासून रडारने जाडी काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हाच नकाशा वापरला. बर्फाच्या घनतेविषयीही तीच गोष्ट. १९८० च्या दशकात 'सेव्हेर' मोहिमांची विमाने बर्फावर उतरून केलेल्या मोजण्यांवरून २०१० मध्ये अलेक्सांद्रोव्ह आदींनी एकवर्षी बर्फाची घनता ९१७ आणि बहुवर्षी बर्फाची ८८२ अशी काढली. दुसरा आकडा घेतला की ९.६ पटीच्या जागी ७.२ पट होते.

ह्या नकाशात एक दोष होता, आणि तो नोंदी करणाऱ्यांचा नव्हता. वर्षभर माणसे राहावयाची, धावपट्टी करावयाची, तर बर्फ जाडच हवा. म्हणून केंद्रे बहुवर्षी बर्फावर उभारली गेली. उन्हाळ्यानंतर नव्याने गोठणाऱ्या एकवर्षी बर्फावर, जो सप्टेंबर-ऑक्टोबरातील हिमवर्षाव होत असताना अजून पाणीच असतो, किती हिम साचते ह्याची त्या वह्यांत फारशी नोंद नव्हती. १९९१ नंतर बहुवर्षी बर्फ झपाट्याने घटला आणि त्याची जागा एकवर्षी बर्फाने घेतली. जुना नकाशा नव्या समुद्रावर ठेवला जात होता.

हा गुंता सोडविण्याचे काम पुन्हा विमानांकडे आले, आणि ह्या इतिहासातील सर्वांत फलदायी अध्याय येथेच सुरू होतो. मे २००२ मध्ये 'नासा'च्या पी-३ विमानातून ग्रीनलंडच्या पूर्वेस फ्राम सामुद्रधुनीवर लेसर आणि रडार ही दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालविण्यात आली. त्यांच्या नोंदींचा अभ्यास कॅथरीन जाइल्स, लॅक्सन आदींनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच रेषेवर लेसर हिमाचा माथा सांगतो आणि रडार, गृहीतक बरोबर असल्यास, बर्फाचा माथा सांगतो; दोहोंतील फरक म्हणजे हिम. ह्या जोडीचे मर्म त्यांच्या परस्परविरोधी चुकांत आहे. वरच्याच उदाहरणात लेसरने हिमासह एकूण ४५ सेंटिमीटर उंची मोजली असे धरू. हिम ३० सेंटिमीटर असल्यास बर्फ २.३ मीटरच येतो; पण हिम २० सेंटिमीटर असल्यास तो ३ मीटर येतो. हिम कमी समजले की रडारचा बर्फ पातळ होतो आणि लेसरचा जाड. दोन साक्षीदार उलट दिशांनी चुकतात, म्हणूनच त्यांची एकत्र उलटतपासणी घेता येते.

युरोपीय अवकाश संस्थेचा पहिला 'क्रायोसॅट' ८ ऑक्टोबर २००५ रोजी प्लेसेत्स्क येथून सुटला आणि प्रक्षेपकाच्या बिघाडामुळे ज्या ध्रुवसमुद्राचे निरीक्षण करावयाचे त्यातच कोसळला. त्याची दुसरी प्रत ८ एप्रिल २०१० रोजी कक्षेत गेली. मधल्या काळात त्या उपग्रहाच्या रडारचे विमानी प्रतिरूप, 'असिरास' नावाचे, लेसरसह बर्फावरून फिरविले जात होते, आणि खाली निरीक्षक पट्टी घेऊन हिम मोजत होते. रोझमेरी विलॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ह्या उड्डाणांचा जो निष्कर्ष दिला, तो गृहीतकाच्या पुरस्कर्त्यांना अस्वस्थ करणारा होता. २००८ च्या कडक थंडीत बहुतेक प्रतिध्वनी बर्फाच्या माथ्याजवळून आले होते; परंतु तुलनेने उबदार अशा २००६ च्या मोहिमेत बहुतेक प्रतिध्वनी हिमाच्या माथ्याजवळच थबकले होते. पुढे २०१७ मध्ये विष्णू नंदन आदींनी दाखविले की, एकवर्षी बर्फावर हिमाच्या तळाशी चढणारे खारे पाणीही लहर अडविते आणि परावर्तनाची जागा सरासरी ७ सेंटिमीटर वर सरकते. एकवर्षी बर्फाला ९.६ चा गुणक लावला, तर ही सात सेंटिमीटरची तफावत अर्ध्या मीटरहून अधिक होते. १९७० च्या दशकात कोव्हाक्स आणि मोरी ह्यांच्या वाटेत जे मीठ आले होते, तेच चाळीस वर्षांनी हिमात पुन्हा भेटले.

हिमाच्या जाडीचा प्रश्न सोडविण्यासाठी कॅन्सस विद्यापीठात बनविलेले 'हिम-रडार' उपयोगी पडले. २ ते ८ गिगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्यात चालणारे हे यंत्र हिमाचा माथा आणि तळ असे दोन प्रतिध्वनी अलग करू शकते. 'नासा'चा आइससॅट उपग्रह थांबल्यावर दुसरा येईपर्यंतची पोकळी भरून काढण्यासाठी २००९ ते २०१९ ह्या काळात 'ऑपरेशन आइसब्रिज' ही विमानी मोहीम चालली. तीत हे रडार लेसरच्या जोडीने उडत असे. कर्ट्झ आणि फॅरेल ह्यांनी २०११ मध्ये दिलेले पहिले उत्तर स्पष्ट होते : बहुवर्षी बर्फावर सोव्हिएत नकाशा बऱ्यापैकी जुळतो, एकवर्षी बर्फावर प्रत्यक्ष हिम त्याच्या जवळजवळ निम्मे आहे. २०१४ मध्ये मेलिंडा वेबस्टर आदींनी जुन्या नोंदींशी तुलना करून पश्चिम ध्रुवसमुद्रातील वसंतकालीन हिम सुमारे ३५ सेंटिमीटरवरून २२ वर, आणि ब्यूफर्ट व चुक्ची समुद्रांत ३३ वरून १५ वर आल्याचे सांगितले. समुद्र उशिरा गोठतो, तोवर पडलेले हिम पाण्यात जाते, हे त्याचे कारण.

क्रायोसॅट-२ ची पहिली व्यापक जाडी फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे प्रमुख लेखक लॅक्सन हयात नव्हते. त्यांचे त्याच वर्षीच्या जानेवारीत अपघाती निधन झाले होते, आणि एप्रिलमध्ये जाइल्स ह्याही अपघातात गेल्या. त्या गणितात एकवर्षी बर्फावरील हिम नकाशाच्या निम्मे धरण्यात आले होते. हा उपाय व्यवहारी होता, पण ओबडधोबडच म्हटला पाहिजे. अनेक दशकांच्या सरासरीला दोनाने भागून मिळालेला आकडा प्रत्येक वर्षी तोच राहतो. आणि हिम जर खरोखर वर्षानुवर्षे घटत असेल, तर न घटणारे हिम धरून काढलेला बर्फ प्रत्यक्षापेक्षा कमी वेगाने पातळ होताना दिसणारच. २०२१ मध्ये रॉबी मॅलेट आदींनी स्थिर नकाशाच्या जागी प्रतिवर्षी बदलणारे हिम घातले, तेव्हा किनाऱ्यालगतच्या काही समुद्रांत बर्फ पातळ होण्याचा वेग पूर्वीच्या अंदाजाहून बराच अधिक आढळला. रडारची एकही नवी नोंद त्यात लागली नव्हती.

ह्या वादात भारताचाही एक वाटा आहे, जो मराठी वाचकांना फारसा परिचित नाही. भारतीय अवकाश संशोधन संस्था आणि फ्रान्सची अवकाश संस्था ह्यांचा 'सरल' हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सुटला. त्यावरील 'अल्टिका' हे उंचीमापक सुमारे ३६ गिगाहर्ट्झवर चालते. समुद्रपृष्ठाच्या उंचीसाठी ते घडविलेले होते. परंतु ह्या अतिलघु लहरी हिमात फार खोल शिरत नाहीत. तेव्हा क्रायोसॅटचे १३.६ गिगाहर्ट्झचे रडार बर्फाजवळून बोलते आणि सरलचे हिमाच्या माथ्याजवळून, असे धरून दोहोंच्या फरकातून हिम काढण्याचा मार्ग आर्मिटेज व रिडाउट ह्यांनी २०१५ मध्ये, आणि गेरेरो आदींनी २०१६ मध्ये चोखाळला. दोन्ही लहरी किती खोल जातात हे ताडून पाहण्यास आइसब्रिजच्या विमानी नोंदीच उपयोगी पडल्या. दोन वारंवारता एकाच उपग्रहावर ठेवण्याची युरोपीय 'क्रिस्टल' योजना ह्याच विचारावर आधारलेली आहे.

त्या योजनेचा पाया तपासण्याचे काम २०१९-२० च्या हिवाळ्यात झाले. 'पोलारस्टेर्न' हे जर्मन जहाज वर्षभर बर्फात गोठवून ठेवण्यात आले होते, आणि त्याच्या शेजारच्या बर्फावर दोन्ही वारंवारतांचे एक रडार घसरगाडीवर बसवून ओढीत नेले जाई. त्याने पाठविलेल्या लहरी कोठून परततात हे पाहावयाचे, आणि त्याच जागी पट्टी खोचून हिम किती आहे ते वहीत लिहावयाचे, असा तेथील क्रम होता.